मुलांचं बाथरूम टाइल बसवण्याआधी ठरतं

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या बाथरूमच्या सजावटीवर पानभर मजकूर आणि रंगीत फोटो आले होते. डॉल्फिनच्या टाइल्स, बदकाच्या तोंडाचा नळ, पांढराशुभ्र टब आणि टबाशेजारी आईला बसायला वेताची खुर्ची. फोटो छान होते, सूनबाईंनी कापून ठेवलेत. पण टब, खुर्ची आणि आई अशी तिघं एकदम मावतील असं बाथरूम लालबाग-परळात कुणाकडे आहे हे मला काही आठवेना. आणि मी या भागातली बाथरूमं आतून, म्हणजे टाइलच्याही आतून पाहिली आहेत. मी महापालिकेचा परवाना असलेला प्लंबर. आता पान्यांची पिशवी भाच्याच्या खांद्यावर आहे, पण अडलं की फोन अजून मलाच येतो.

मुंबईत मुलांसाठी वेगळं बाथरूम बांधणारी घरं किती असणार? दोन बाथरूमं असली तर एक बेडरूमला चिकटलेलं, ते नवरा-बायकोचं. दुसरं पॅसेजमधलं, ते मुलांचं, आजी-आजोबांचं, पाहुण्यांचं आणि वॉशिंग मशीनचं. एकच असलं तर प्रश्नच मिटला. चार बाय सात, फार तर पाच बाय सात. म्हणून कुणी ‘पोरांसाठी बाथरूम नीट करायचंय’ म्हणत आलं की मी आधी विचारायचो, घरात आणखी कोण कोण आंघोळ करतं?

मला सांगायचंय ते हे, की बाथरूम मुलांच्या सोयीचं होतं ते पाइपाच्या जागेने, जमिनीच्या ढाळाने, गिझरच्या पाण्याने आणि दाराच्या कडीने. यातलं बरंचसं टाइलच्या मागे जातं आणि टाइल लागण्याआधीच ठरवावं लागतं. नंतर लक्षात आलं तर पुन्हा फोडाफोड, सोसायटीची एनओसी, डिपॉझिट, गोणीतलं डेब्रिज लिफ्टमधून न्यायचं की जिन्यावरून यावर वॉचमनशी हुज्जत, आणि शेवटी खालच्या मजल्यावरच्यांचं ‘आमच्या छताला ओल आली’. डॉल्फिनचं काय, स्टिकर लावा, पोरगा सातवीत गेला की तोच खरवडून काढेल. चुकलेला ढाळ कुणाला खरवडून काढता येत नाही.

चाळीतली मोरी आठवणारे वाचक अजून असतील. खोलीच्या कोपऱ्यात वीतभर कठडा, आत शहाबादी फरशी, गुडघ्याइतक्या उंचीवर नळ. पोराला पाटावर बसवायचं, आईने स्टोव्हवरून मान वळवली की पोर समोर. मोठ्या बायकांचे तिथे हाल व्हायचे, घर उठायच्या आत सगळं आटपावं लागायचं, आणि संडास गॅलरीच्या टोकाला, रात्री पोरं जायला घाबरायची. ते दिवस परत यावेत असं मी मुळीच म्हणणार नाही. पण लहान पोराच्या अंगाने पाहिलं तर त्या मोरीत नळाला हात पोचत होता, फरशीवर पाय घसरत नव्हता, दाराला कडी लागून आत अडकायची सोय नव्हती आणि मोठ्या माणसाची नजर होती. ब्लॉकमध्ये आलो, टाइल चकाकली आणि या साध्या गोष्टी आपण बाहेरच ठेवून आलो.

जमिनीपासून सुरुवात करतो. आमच्या इमारतीचा पुनर्विकास झाला तेव्हा नव्या घरात बिल्डरने बाथरूमच्या जमिनीला दोन बाय दोनच्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स बसवून दिल्या. बाहेर हॉलमध्ये त्याच होत्या, म्हणून आतही त्याच. चावी घेताना सगळे खूश. पण एवढ्या मोठ्या टाइलला नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, चारी बाजूंनी ढाळ देता येत नाही. तिचे तुकडे करावे लागतात, आणि तुकडे केले तर दिसायला वाईट म्हणून मिस्त्री ती सपाट बसवून मोकळा होतो. मग साबणाचं पाणी दाराशी साचतं आणि ओल्या पायांनी पळत निघालेलं पोर नेमकं तिथे पाय टाकतं. बाथरूमच्या जमिनीला एक बाय एकची किंवा त्याहून लहान, मॅट, अँटिस्किड टाइल हवी. लहान टाइलला सांधे जास्त, सांध्यांवर पाय धरतो आणि ढाळही नीट बसतो. ढाळाचा माझा हिशोब फुटाला पाव इंचाच्या आसपास. तो टाइलखालच्या सिमेंटच्या थरालाच, म्हणजे कोब्यालाच, द्यायचा, टाइलखाली मसाला कमी-जास्त करून नव्हे.

टाइल निवडायची माझी एक पद्धत दुकानदारांना आवडत नसे. दुकानात टाइल कोरडी असते आणि आपल्या पायात चप्पल. मी नमुन्याचा तुकडा जमिनीवर ठेवायला सांगायचो, वर पाणी आणि चिमूटभर साबणाची पूड, आणि गिऱ्हाइकाला चप्पल काढून त्यावर उभं राहायला लावायचो. कॅटलॉगमध्ये काहीही छापलेलं असो, तळपायाला लगेच कळतं. सांध्यांत एपॉक्सी ग्राउट, म्हणजे पाणी न शोषणारा रेझिनचा मसाला, भरा. महाग पडतं, पण साध्या सिमेंटचे सांधे साबणाने काळे पडतात, ते घासायला बाई ॲसिड आणते, आणि ॲसिड घरात आलं की पुढची गोष्ट सुरू होते. तिच्याकडे येतोच.

आता गरम पाणी. यावर जरा जास्त लिहिणार आहे, माफ करा, पण मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. मुंबईच्या बहुतेक बाथरूमांत तीन लिटरचा इन्स्टंट गिझर असतो, तीन किलोवॅटचा. तो अडीच-तीन मिनिटांत पाणी ६० अंशांवर नेतो. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसालाही पाचेक सेकंदांत खोलवर भाजतं. लहान मुलाची कातडी पातळ, तिला त्याहून कमी वेळ पुरतो. पाणी ५० अंशांच्या खाली असेल तर निदान हात मागे घ्यायला सवड मिळते. मुलाच्या आंघोळीला लागतं ३७-३८ अंशांचं पाणी, म्हणजे कोपर बुडवून पाहिलं तर गरम नाही, गारही नाही. पंधरा किंवा पंचवीस लिटरच्या साठवणीच्या गिझरात पाणी कायम कोमट ठेवणंही बरं नव्हे, त्यात जंतू वाढतात. म्हणून पाणी गिझरात गरम असू द्यावं आणि नळाच्या तोंडाशी येता येता उतरवावं.

त्यासाठी थर्मोस्टॅटिक मिक्सर मिळतो, म्हणजे गरम-थंड मिसळून ठरवलेल्या अंशांचंच पाणी सोडणारा नळ. त्याच्या मुठीवर ३८ अंशांना एक बटण असतं, ते दाबल्याशिवाय मूठ पुढे फिरत नाही. लहान पोराला ते सहसा जमत नाही. साध्या मिक्सरच्या कितीतरी पट किंमत, आणि मुंबईत त्याला आणखी एक अडचण आहे ती विक्रेता सांगत नाही. या मिक्सरला गरम आणि थंड दोन्ही बाजूंनी बऱ्यापैकी आणि सारख्या दाबाचं पाणी लागतं. गच्चीवरच्या टाकीपासून दहा मीटर खाली गेलं की साधारण एक बार दाब मिळतो. तुम्ही टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर राहत असाल तर दाब त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. तिथे प्रेशर पंप नसेल तर तो महागडा मिक्सर नुसता शोभेचा. अशा घरात मी सरळ सांगायचो, पैसे वाचवा, मुलाच्या बाजूला फक्त थंड पाण्याचा खालचा नळ द्या आणि गरम पाण्याची मूठ मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर घ्या. टाइल लागण्याआधी या बदलाला लागतात दोन एल्बो, म्हणजे पाइप वळवायचे जोड, आणि दोन-तीन फूट पाइप.

आणि डावीकडे गरम, उजवीकडे थंड, हे कुठल्याही प्लंबरला झोपेतून उठवून विचारा, तो सांगेल. तरीही नव्या इमारतींत ते उलटं सापडतं, कारण वरून खाली एका लाइनीत सगळे फ्लॅट घाईघाईत जोडलेले असतात. मोठ्या माणसाला दोन दिवसांत सवय होते. पाच वर्षांचं पोर आजीकडे एक शिकतं आणि घरी दुसरंच निघतं. घराचा ताबा घेताना प्रत्येक नळ उघडून हात लावून पाहा. बादलीत आधी थंड पाणी आणि मग गरम, हा नियम मात्र फुकट आहे, तो आजच लावा.

गॅसचा गिझर बाथरूमच्या आत नको म्हणजे नको. बंद, बारक्या खोलीत तो हवेतला प्राणवायू खातो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो. या वायूला वास नाही, रंग नाही, चक्कर येते तेव्हा दाराला कडी असते. एक्झॉस्ट फॅन आहे ना, असं म्हणून चालत नाही. गिझर बाहेर, मोकळ्या हवेत, आत फक्त पाइप. विजेच्या गिझरलाही वेगळी लाइन, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी हवं. शॉक बसण्याची वेळ आली तर ते क्षणात वीज तोडतं. नुसत्या एमसीबीवर विसंबू नका, ते वायर जळू नये म्हणून असतं, माणूस वाचावा म्हणून नाही.

कमोडची गोष्ट सांगतो. परळच्या एका घरात नवीन बाथरूमचं माप घ्यायला गेलो होतो. घरातली चारेक वर्षांची मुलगी आत बसली होती आणि आई दारातून ‘झालं का, झालं का’ करत होती. रोजचंच आहे म्हणाली, हिला साफ होत नाही, डॉक्टर औषध देतात. मी सहज आत पाहिलं. पोरगी कमोडच्या कडेला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती, खांदे कानापर्यंत चढलेले, पाय लोंबकळत. आत पडायची भीती तिच्या बोटांच्या पेरांवर दिसत होती. लोंबत्या पायांनी कुणालाही जोर करता येत नाही. आपली उकिडवं बसायची जुनी बैठक त्या बाबतीत शहाणी होती. मी वायरमनची ठोकळ्यासारखी लाकडी पेटी घेतली आणि तिच्या पायांखाली सरकवली. आधी एक पाय टेकला, मग दुसरा. मग तिने हात सोडले आणि गुडघ्यांवर ठेवले.

त्या घरी नंतर सुताराकडून सहा-सात इंच उंचीचा रुंद पाट करून घेतला, खाली रबराचे बूट, वर खरखरीत पट्टी. लहान मुलांची म्हणून बारा इंच उंचीची छोटी कमोडं मिळतात, ती घरात बसवू नका. आजोबांच्या गुडघ्यांना सतरा-अठरा इंच हवे असतात आणि कमोड एकच आहे. बालवाडीत मात्र छोटंच हवं, तिथली मुलं दरवर्षी तेवढीच राहतात. पाटही सिमेंटने पक्का करू नका. सरकवता येणारा ठेवा, नाहीतर रात्री आजोबा त्याला अडखळतील. आजोबांसाठी भिंतीला धरायची दांडी लावणार असाल तर जरा खाली आणखी एक लावा, तिला मुलं लटकणार हे गृहीत धरून भक्कम फास्टनरने.

बेसिनसाठीही हेच. बत्तीस-तेहतीस इंचांवरचं बेसिन मुलासाठी खाली घेतलं तर घरातली मोठी माणसं दात घासताना पाठ धरतात. बादलीचा नळ साधारण दोन फुटांवर असतोच, पाच वर्षांच्या मुलाचं तेच बेसिन. त्याच्याशेजारी टाइलमध्ये एक खोबण ठेवा साबणाला आणि टॉवेलचा एक हूक मुलाच्या खांद्याच्या उंचीला. जेट स्प्रेचं मात्र सांभाळा. मुलं तो पिस्तूल समजतात. त्याची बारीक नळी सतत दाबाखाली राहिली की एखाद्या दुपारी फुटते आणि घर बंद असेल तर पाणी लिफ्टपर्यंत जातं. त्याचा अँगल कॉक, म्हणजे भिंतीपाशी पाणी बंद करायची छोटी तोटी, मुलाच्या हाताला येईल असा बसवा आणि काम झालं की बंद करायला शिकवा.

भरलेल्या बादलीबद्दल कुणी लिहीत नाही, कारण ती प्रत्येक घरात आहे. रांगतं किंवा नुकतं चालू लागलेलं मूल डोक्याने जड असतं. वाकून बादलीत पाहायला जातं, तोल जातो, डोकं खाली आणि पाय वर. स्वतःला वर काढायची ताकद त्याच्या हातांत नसते. बादली भरलेलीच असावी लागते असंही नाही, तळाशी काही इंच पाणी पुरतं, आणि आवाज होत नाही. आंघोळ झाली की बादली पालथी, हा नियम हवा. पण पाणी तासा-दोन तासांचं, पाणीकपातीची धास्ती, मग घराघरात बाथरूममध्ये पिंप भरून ठेवलेलं असतं. पालथं घाला म्हणून मी कुणाला सांगू शकत नाही. नूतनीकरण काढलंच असेल तर माळ्यावर शंभर-दोनशे लिटरची टाकी घ्या आणि तिचा पाइप नळाला जोडा. पिंप जमिनीवरून जातं, जागा मिळते, धोका जातो. फक्त दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो, तो भार माळ्याच्या पातळ स्लॅबला पेलतो का हे इंजिनिअरला विचारल्याशिवाय टाकी चढवू नका. जुन्या इमारतींत तर नाहीच.

दार बाहेर उघडणारं हवं. आत उघडणाऱ्या दारामागे कुणी चक्कर येऊन पडलं, मूल असो की आजी, तर त्यांच्याच अंगाने दार अडतं. पॅसेज अरुंद म्हणून बाहेर उघडता येत नसेल तर सरकतं दार करा. मुलांना कडी लावता येते पण काढता येत नाही, असं एक वय असतंच. बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येणारं लॉक सहज मिळतं. तोवर आतली खालची कडी काढून टाका आणि मुलाचा हात पोचणार नाही अशी वर लावा. दार फोडायला मला बोलावल्यावर आईचे जे हाल मी पाहिले आहेत, त्यापुढे त्या लॉकची किंमत काहीच नाही.

आणि ते ॲसिड. ते बेसिनखाली पाण्याच्या रिकाम्या बाटलीत, नेमकं मुलाच्या उंचीवर ठेवलेलं असतं. घोटभर गेलं तरी घसा आणि अन्ननलिका भाजून निघते. शिवाय ब्लीचिंग पावडरशी त्याची गाठ पडली की क्लोरीन वायू तयार होतो. मिस्त्रीला सांगून दाराच्या वर आतल्या बाजूला कडाप्पा दगडाची एक फळी बसवून घ्या, फिनेल-बिनेल सगळं तिथे. घ्यायला स्टूल लागेल, लागू द्या.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे आमच्या भागात प्रत्येक गल्लीत पुनर्विकास चालू आहे. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींतल्या भाडेकरूंना किमान ३०० चौरस फूट, बीडीडी चाळीवाल्यांना ५००, सोसायट्यांना जे ठरेल ते. सोसायट्यांसाठी सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ (अ) खाली सरकारने ४ जुलै २०१९ ला सुधारित कार्यपद्धती दिली आहे. सल्लागार नेमायचा, निविदा काढायच्या, सगळं सभेत मंजूर करायचं. त्या निविदेत सुविधांची यादी असते. मी अशा सभांना बसलो आहे. व्हिडिओ डोअर फोनवर तास जातो, लॉबीतल्या मार्बलच्या रंगावर भांडणं होतात. बाथरूमच्या पुढे लिहिलेलं असतं, ‘नामांकित कंपनीच्या फिटिंग्ज’, आणि सगळे पुढच्या पानावर जातात. नामांकित कंपनीचा नळ उलटा जोडला तर तो नामांकित कंपनीचा उलटा नळ.

त्या जागी लिहून घ्या: बाथरूमच्या जमिनीला एक बाय एकची मॅट अँटिस्किड टाइल, ढाळ नहाणी ट्रॅपकडे, पाणी ओतून दाखवायचा. गिझरला वेगळी लाइन, घराला ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं, लॉक बाहेरून उघडता येणारं. गरम डावीकडे. वॉटरप्रूफिंग झाल्यावर ट्रॅप बंद करून निदान एक दिवस पाणी साठवून ठेवायचं आणि खालचा स्लॅब समितीच्या माणसाने स्वतः जाऊन पाहायचा. बिल्डरच्या एकूण खर्चात हे कुठे दिसणारही नाही, पण करारात लिहिलेलं नसेल तर साइटवर त्याचा माणूस तुम्हाला ओळखही दाखवणार नाही.

समितीत निवृत्त पुरुषच बसतात, आम्हीच. सभेला एखादी लहान मुलाची आई येऊन बसली तर या यादीत आणखी दोन ओळी वाढतील, माझ्या लक्षात न आलेल्या. तिला सोयीची होईल अशी सभेची वेळ ठेवा. रात्री साडेनऊला नको, तेव्हा ती मुलाला झोपवत असते.

शेवटचं एक. टाइल चढायच्या आदल्या दिवशी बाथरूमच्या चारही भिंतींचे मोबाइलवर फोटो काढा. भिंतीला मेजरिंग टेप धरून, म्हणजे पाइप जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे ते आकड्यात दिसेल. त्यांचे प्रिंट काढून सोसायटीच्या फाइलमध्ये फ्लॅट नंबरसह लावा. दहा वर्षांनी कुणीतरी मुलाच्या टॉवेलसाठी हूक लावायला ड्रिल घेऊन येईल, आणि तेव्हा त्याला सांगायला मी नसेन.

आपला वाचक,
एक निवृत्त प्लंबर, लालबाग